बुलीय तर्काची पार्श्वभूमी : बीजगणितापासून रिलेपर्यंत

रावेर-यावलकडील केळीच्या मळ्यांत मोटारीला बसवलेला ‘ऑटो’ तिन्ही फेज आल्या तरच मोटार चालू करतो. विहिरीचे पाणी तपासणारी सोय त्याला जोडली, तर दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. अशा अटींचे गणित, म्हणजेच बुलीय तर्क, मात्र असे पंप येण्याच्या कितीतरी आधी मांडले गेले.

जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या पोटी इंग्लंडमधील लिंकन येथे १८१५ साली जन्मलेल्या जॉर्ज बूल यांनी विद्यापीठाची पदवी नसताना १८४७ मध्ये तर्काला बीजगणिताचे रूप दिले आणि १८५४ च्या ग्रंथात ते विस्ताराने मांडले. जळगाव जिल्ह्यातील गावांतून तापीकाठची गावे निवडली आणि त्या यादीतून पुन्हा तापीकाठचीच निवडली, तर यादी बदलत नाही; निवडीला गुणाकार मानले, तर क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या संख्यांपैकी हा नियम केवळ ० आणि १ पाळतात. शून्याचा वर्ग शून्यच, हे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त बाराव्या शतकातच सांगितले होते, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे; तरीही बुलीय तर्काचे मूळ तेथे शोधणे योग्य नव्हे, कारण त्यांचे शून्य ही संख्या आहे, तर बूल यांचे शून्य म्हणजे ज्यात काहीच नाही असा रिकामा समूह.

बूल यांच्या बेरजेत, म्हणजे दोन समूह एकत्र करताना, ते समूह परस्परांपासून वेगळे असावे लागत. ही अट विल्यम जेव्हन्स यांनी १८६४ मध्ये काढली आणि १ + १ = १ (सगळ्यांत सगळे मिळवले तरी सगळेच) हे रूप रूढ होण्याची वाट मोकळी झाली. ‘आणि’, ‘किंवा’ यांच्या नकाराचे नियम ज्यांच्या नावाने ओळखले जातात, ते ऑगस्टस डी मॉर्गन मदुराईत जन्मलेले.

विजेच्या स्विचांनी तर्क चालवता येईल, असे चार्ल्स पर्स यांनी १८८६ च्या एका पत्रात सुचवले होते, पण त्याचा पुढे उपयोग झाला नाही. जपानचे नाकाशिमा आणि रशियाचे शेस्ताकोव्ह १९३० च्या दशकात स्वतंत्रपणे त्याच दिशेने गेले. गाजला तो क्लॉड शॅनन यांचा अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील १९३७ चा प्रबंध. रिलेचे, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांचे, जाळे समीकरणात लिहून, ते सोपे करून, कमी रिलेंत तेच काम करून घेण्याची रीत त्यांनी दाखवली. गंमत म्हणजे त्यांनी बंद, म्हणजे वीज वाहणाऱ्या, मंडलाला ० आणि खुल्या मंडलाला १ मानले होते, त्यामुळे एकामागे एक जोडलेले स्विच त्यांच्याकडे बेरीज ठरत. आज शिकवतात ते नेमके उलटे.

प्रोग्रामिंगमध्ये अल्गोल ६० या भाषेने सत्य-असत्य एवढ्याच किमती घेणारा ‘बूलियन’ हा माहितीचा स्वतंत्र प्रकार दिला. सी भाषेत मात्र शून्य म्हणजे असत्य आणि बाकी सारे सत्य, एवढ्यावरच काम भागले; तिच्या अधिकृत मानकात (स्टँडर्डमध्ये) असा प्रकार १९९९ मध्ये आला.