‘लोक काय म्हणतील’ हे ठरवतं कोण?

फिजी बेटांवर पूर्वापार भरल्या अंगाचं कौतुक. अंगाने भरलेली मुलगी म्हणजे तिची नीट काळजी घेणारी माणसं घरात आहेत, असा अर्थ. कुणी वाळायला लागलं की शेजारपाजारचे चौकशी करत. भूक मंदावणं हा तिथे चक्क आजार होता आणि त्यावर झाडपाल्याची औषधंही होती.

1995 मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी लगेचच शाळकरी मुलींची पाहणी केली, पुन्हा 1998 मध्ये केली. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्ती 12.7 टक्के मुलींमध्ये होत्या, त्या 29.2 टक्क्यांवर गेल्या. बारीक होण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती. नंतर त्यांचं प्रमाण 11.3 टक्के झालं. बारीक असलं तर नोकरी मिळेल, पुढे जाता येईल, असंही मुली सांगत. म्हणजे हे नुसतं नटणंमुरडणं नव्हतं. ‘चांगलं आयुष्य’ कसं असतं, याचंच चित्र बदललं होतं.

पाहणी लहान होती, हे खरं. पहिल्या खेपेला 63 मुली, दुसऱ्या खेपेला 65, आणि त्याही वेगळ्या. शिवाय त्या काळात तिथे टीव्हीच काय तो नवा होता असं नाही.

पण टीव्हीचा पडदा बिघडवतोच असंही नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि गोवा इथल्या खेड्यांतली 2001 ते 2003 ची माहिती तपासली. जिथे नव्याने केबल आली, तिथे नवऱ्याची मारहाण रास्त मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्टही सैल झाला. ज्या मालिकांना आपण नाकं मुरडतो, बहुधा त्यांचाच हा परिणाम!

हे घडतं कसं? मला यातला सर्वांत बोलका पुरावा रवांडातला वाटतो. 1994 च्या वंशसंहारानंतर तिथे सलोख्याची एक रेडिओ मालिका सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पॅलक यांनी काही गटांना वर्षभर ती ऐकवली, बाकीच्यांना आरोग्यावरची. सलोख्याची मालिका ऐकणाऱ्यांची स्वतःची मतं फारशी हलली नाहीत. हलला तो त्यांचा अंदाज: आपल्या समाजात काय चालतं, काय शोभतं. आणि त्यांचं वागणं त्या अंदाजामागे गेलं.

आपल्याकडे लग्नाआधीचं फोटोशूट बघा. ‘आम्हाला हौस नव्हती, पण हल्ली करतात सगळेच’ हे वाक्य किती घरांत ऐकू येतं. यातले ‘सगळे’ बऱ्याचदा मोबाइलवरचे असतात, आणि तिथे कोण दिसावं हे आपण काय बघत रेंगाळतो त्यावरून यंत्र ठरवतं. आपली आवड तपासायची तर एक प्रश्न कामाचा आहे: हे फोटो कुणालाच दाखवता येणार नसते, तरी काढले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल काढावेत.

आणि ‘मी तर काही बघतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी बेकर यांच्याच गटाचं 2011 मधलं संशोधन आहे, तेही फिजीतलंच. खाण्याच्या तक्रारींचा संबंध मुलगी स्वतः टीव्ही किती बघते यापेक्षा तिच्या मैत्रिणी किती बघतात याच्याशी जास्त दिसला.