गच्चीचा पाईप थेट बोअरमध्ये सोडायचा का?

‘गच्चीचा पाईप थेट बोअरमध्ये सोडा, बोअर भरते, पावसाचं पाणी जिरवण्याचा नियमही पाळला जातो’ असं मराठवाड्यात वर्षानुवर्षं फिरतंय. पाणी जिरवण्याचा विचार चांगलाच आहे. अडचण गाळाची आहे. आपल्याकडे खाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, आणि पाणी त्याच्या भेगांतूनच फिरतं. गच्चीवरची धूळ, पारव्यांची विष्ठा तिथे गेली की भेगा हळूहळू बुजतात. शिवाय ही घाण मातीतून न गाळता सरळ भूजलात मिसळते, शेजाऱ्याच्या बोअरपर्यंतही पोचू शकते.

पहिल्या पावसाचं पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, तळाचा थर दिसेल. म्हणून पहिला पाऊस व्हॉल्व्हने बाहेर काढा, पुढचं पाणी दगड-खडी-वाळूच्या गाळणीतून बोअरला द्या. नियमातल्या पुनर्भरणातही, म्हणजे पाणी जमिनीत जिरवण्याच्या व्यवस्थेतही, गाळणी धरलेली असते. ठेकेदाराला बिल देण्याआधी झाकण उघडून ती बघाच.