‘बेपत्ता’ या नोंदीची पार्श्वभूमी

एखाद्या वावराकडं बोट दाखवून “इथं इमान (विमान) पडलं होतं” असं सांगणारी म्हातारी माणसं विदर्भात अजून भेटतात. सगळंच खोटं म्हणायचं कारण नाही. गोंदियाजवळची बिरसीची आणि अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलीच. पण त्यातल्या माणसाचं काय झालं, याचं उत्तर वावर खणून मिळत नाही. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या त्या युद्धातल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होणं कठीण होतं, त्या पुढं खडकीच्या युद्ध दफनभूमीत हलवल्या. तिथं 1,668 जण आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियात ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, त्या विमानदळातल्या माणसांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर कोरली. विमान एकीकडं, माणूस दुसरीकडं आणि नाव समुद्रापार.

विमानाचा माग काढणं त्या मानानं सोपं. त्याच्या अंगावर क्रमांक असतो आणि कुणी, कोणतं विमान घेऊन, किती वाजता उड्डाण केलं हे तुकडीच्या रोजच्या नोंदीत येतं. परत आलं नाही की ते हिशेबातून कमी होतं. ग्रामपंचायतीत मोडक्या खुर्च्यांचं निर्लेखन होतं, तसंच. माणसाचं निर्लेखन करता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळे शब्द लागतात: मारला गेला, युद्धकैदी, बेपत्ता, बेपत्ता पण मृत मानलेला. सगळा गुंता या शेवटच्या दोन शब्दांत आहे.

7 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ल्याला गेलेला मिस्टेअर विमानाचा एक वैमानिक परतला नाही. त्याचं काय झालं, हे आपल्याकडं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं आपल्या विमानाहून कितीतरी वेगवान असं एक पाकिस्तानी स्टारफायटर विमान पाडलं होतं, हे पुढं पाकिस्तानच्या बाजूनं लिहिलेल्या हकिगतीतून कळलं. महावीर चक्र मिळालं 1988 मध्ये, मरणोत्तर. आपल्या माणसाची कहाणी शत्रूच्या कागदांत, हे काही नवं नाही.

1971 चं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. ‘बेपत्ता 54’, म्हणजे त्या युद्धानंतर पाकिस्तानच्या कैदेत असावेत असं मानलेले 54 भारतीय जवान, हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी बसलाय आणि माझ्या मते घोटाळा तिथंच झाला. त्या यादीत सगळे एका तऱ्हेचे नाहीत. काहींना सरकारनं आधी युद्धात मारले गेलेले म्हणून नोंदवलं होतं, मग घरच्यांनी पत्रं, बातम्या, रेडिओवर ऐकलेली नावं पुढं केली आणि ती नावं यादीत आली. ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रानं 5 डिसेंबर 1971 ला पकडलेल्या वैमानिकांची नावं छापली. त्यातलं एक आडनाव आपल्याकडचंच, हिज्जे तेवढे बिघडलेले. तसं आडनाव असलेला दुसरा वैमानिक दलात नव्हता, असं घरच्यांचं म्हणणं. हा पुरावा मला तरी किरकोळ वाटत नाही. पण म्हणून चोपन्नही जण कैदेतच होते असं धरणं आणि म्हणून सगळ्यांना एकाच ओळीत मृत ठरवणं, दोन्ही घाईचंच. एकेक नाव घेऊन तपास व्हायला हवा होता.

तो करायची वेळ एकदाच आली होती. आपल्या ताब्यात सुमारे 93,000 पाकिस्तानी होते, त्यातले शेवटचे एप्रिल 1974 मध्ये परतले. त्यांना सोडताना आपल्या बेपत्तांचा हिशेब का मागितला नाही, हा प्रश्न घरच्यांनी तेव्हापासून लावून धरलाय. तहाचं राजकारण मोठं होतं, हे खरं. पण कैद्यांची नावं कळवणं ही पकडणाऱ्याची जबाबदारी 1949 च्या जिनिव्हा करारातच आहे, त्यासाठी वेगळी घासाघीस करायची गरज नव्हती.

घरी ‘बेपत्ता’ या शब्दाचा अर्थ फार व्यवहारी असतो. पुरावा कायद्यानं, सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो मेला असं मानता येतं. तोवर सातबाऱ्यावर त्याचं नाव तसंच. वारसाचा फेरफार घ्यायचा तर तलाठी मृत्यूचा दाखला मागतो आणि तो दाखला मागायचा म्हणजे आशा सोडल्याची कबुली आपल्याच सहीनं द्यायची.

1983 आणि 2007 मध्ये नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, हाती काही लागलं नाही. 2019 मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं, या 54 जणांसह 83 भारतीय जवान पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचं मानलं जातं. पाकिस्तानला ते मान्य नाही.