सोनोग्राफी : शरीरावर होणारे परिणाम आणि सुरक्षितता

सोनोग्राफी म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने शरीराच्या आतलं चित्र काढणं. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, प्रोब (अंगावर फिरवतात ते यंत्र) चालतो २० लाख ते दीड कोटी हर्ट्झवर. ठाण्यात नौपाड्यातल्या नाहीतर वाशीतल्या कुठल्याही सेंटरबाहेर ब्लॅडर फुल व्हायची वाट बघत, बाटलीतून घोट घोट पाणी पीत बसलेल्या बायकांमध्ये "सारखी सारखी नको गं करू, बाळाला किरणं लागतात" हे एकदा तरी ऐकू येतंच. किरणं वगैरे काही नसतात, एक्स-रे आणि सीटीसारखं रेडिएशन यात नाही. पण म्हणून काहीच होत नाही असंही नाही, कारण पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ पाणबुड्या शोधायला याच लहरींवर काम करत होता तेव्हा टाकीतले मासे मेले होते आणि पाण्यात हात घातला की दुखायचं. तपासणीच्या मशीनची ताकद त्यामानाने फारच कमी. पोटातल्या तपासणीसाठी ही पद्धत खऱ्या अर्थाने पुढे आली ती ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांच्या १९५८ च्या पेपरनंतर.

परिणाम मुख्यतः दोन. पहिला उष्णता : लहर शरीरात शोषली जाते आणि तिची उष्णता होते, हाड सगळ्यात जास्त शोषतं, त्यामुळे बाळाची हाडं कडक व्हायला लागली की हाडाजवळचा भाग जास्त तापू शकतो. दुसरा दाबाचा, म्हणजे लहरीच्या दाबामुळे बारीक बुडबुडे फुगतात, फुटतात. हे मुख्यतः जिथे हवा आहे तिथे, म्हणजे फुफ्फुस आणि आतडी, जास्त दाबाला प्राण्यांच्या फुफ्फुसात रक्तस्राव झालेला दिसलाय. पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसात हवाच नसते, त्यामुळे तिथे काळजी उष्णतेचीच जास्त.

स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टीआय आणि एमआय असे दोन आकडे असतात, टीआय उष्णतेचा आणि एमआय दाबाचा. टीआय १ म्हणजे एवढ्या ताकदीला तापमान साधारण १ अंश वाढू शकतं असा अंदाज, तो थर्मामीटर नाही. हे आकडे आले ते १९९२ च्या सुमारास, अमेरिकेत गर्भासाठी लहरींच्या ताकदीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॅटवरून ७२० वर नेली गेली तेव्हा. म्हणजे मशीनची ताकद वाढवली आणि लक्ष ठेवायचं काम चालवणाऱ्याकडे दिलं. गंमत अशी की तिथल्याच एका सर्व्हेत मशीन चालवणाऱ्या बहुतेकांना टीआय म्हणजे काय हे धड सांगता आलं नव्हतं.

त्यामुळे "किती वेळा केली" यापेक्षा कुठल्या मोडवर आणि किती वेळ हे बघावं. साध्या काळ्यापांढऱ्या चित्रात लहर सगळीकडे फिरते, पल्स डॉप्लरमध्ये (रक्ताचा वेग मोजणारा मोड) ती एकाच जागी मारली जाते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत गरज नसताना डॉप्लर लावत नाहीत, बाळाचे ठोके मोजायचे तर एम मोड (हालचाल रेघेत दाखवणारा) पुरतो. ठोके ऐकवायला मात्र डॉप्लर लागतो, आणि ठोके ऐकवा ना डॉक्टर, असा आग्रह घरचेच धरतात, तेव्हा हे लक्षात असावं.

माणसांत नक्की अपाय झालाय असं दिसलेलं नाही. मुलग्यांमध्ये डावरेपणाशी किंचित संबंध काही अभ्यासांत दिसला, आणि २००६ मध्ये उंदरांच्या गर्भात अर्धा तास किंवा जास्त लहरी दिल्यावर मेंदूतल्या काही पेशी जागेवर पोचल्या नाहीत, पण उंदराचा गर्भ केवढासा आणि तेवढा वेळ एकाच जागी प्रोब कोण धरतं. अडचण वेगळीच आहे, माणसांवरचे बरेचसे मोठे अभ्यास १९९२ च्या आधीच्या, कमी ताकदीच्या मशीनचे आहेत.

आपल्याकडे भीतीला अजून एक कारण आहे, ते म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायचा सरकारी एफ फॉर्म, ओळखपत्र आणि "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा भिंतीवरचा बोर्ड. एवढी कागदपत्रं म्हणजे मशीनच डेंजर असणार असं वाटतं लोकांना. पण गर्भलिंग निदानाविरुद्धचा महाराष्ट्राचा १९८८ चा कायदा आणि नंतर देशाचा १९९४ चा, दोन्ही मुली वाचवायला आले, लहरींचा त्यात काही संबंध नाही.

गुडघा किंवा खांदा शेकायला फिजिओकडे जे अल्ट्रासाउंड देतात ते मात्र मुद्दाम उष्णतेसाठीच असतं, १ किंवा ३ मेगाहर्ट्झ, दर चौरस सेंटिमीटरला १-२ वॅटपर्यंत. तिथे हेड सतत गोल फिरवत राहावं लागतं, एका जागी थांबलं की हाडात चरचरतं, आणि गरोदर बाईच्या पोटावर किंवा कंबरेवर ते देत नाहीत.