निळ्या रेघांचा फाइलफिश: एक मासा, अनेक नावे आणि उशिरा कळलेले विष

स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘प्रिन्स कार्ल’ या जहाजावर पेर ओस्बेक हा धर्मोपदेशक १७५० ते १७५२ या काळात चीनला जाऊन आला. तो प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसचा शिष्य होता, त्यामुळे वाटेत दिसलेली झाडे, पक्षी, मासे सगळ्यांची नोंद ठेवत गेला. त्यातच निळ्या रेघांचा हा फाइलफिशही होता. त्याला ओस्बेकने ‘स्क्रिप्टस’ असे नाव दिले. त्याचे प्रवासवर्णन १७५७ साली स्वीडिशमध्ये छापले गेले. पण प्राण्यांची शास्त्रीय नावे १७५८ पासूनचीच ग्राह्य धरतात. म्हणून या नावाचे वर्ष लावले जाते ते १७६५, म्हणजे जर्मन आवृत्तीचे. आज हा मासा अल्युटेरस स्क्रिप्टस म्हणून ओळखला जातो.

एकदा पाहिला की तो विसरला जात नाही. अंग लांबट आणि दोन्ही बाजूंनी इतके चपटे, की समोरून पाहिल्यास जेमतेम पट्टी दिसावी. तोंड लहान, थोडे वर वळलेले, आणि खालचा जबडा पुढे आलेला. डोळ्याच्या वर एकच बारीक, नाजूक काटा. शेपूट लांब, बहुधा मिटलेली. कातडी कानशीसारखी खरखरीत. तपकिरी किंवा राखाडी-हिरवट अंगावर तुटक निळ्या रेघा, निळे ठिपके आणि मधूनमधून काळे टिपके. भोवतालाप्रमाणे तो रंग भराभर फिका-गडद करतो आणि समुद्री गवतात डोके खाली करून तरंगत राहतो, तेव्हा गवताचे पाते कोणते आणि मासा कोणता हे ओळखणे अवघड होते. लांबी ११० सेंटीमीटरपर्यंत जाते, म्हणजे फाइलफिशांच्या कुळात हा मोठाच.

ओस्बेकनंतर शंभरेक वर्षे हा मासा पुन्हापुन्हा ‘नवा’ म्हणून सापडत राहिला. जर्मनीच्या ब्लॉखने १७९५ मध्ये त्याला वेगळे नाव दिले, क्यूबाच्या फेलिपे पोएने १८६३ मध्ये आणखी एक. मला यात त्यांची चूक वाटत नाही. चीनच्या समुद्रातला मासा कॅरिबियन समुद्रातही असेल, अशी कल्पना तेव्हा कोणी कशी करावी? पण तो आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंत, हिंदी महासागरात, जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, हवाईत आणि मेक्सिको ते कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरही. आपल्या जवळचे ठिकाण म्हणजे लक्षद्वीप. इतक्या विस्ताराचे एक कारण पिल्लांच्या सवयीत आहे. ती वाहत्या समुद्री शेवाळाच्या आसऱ्याने भर समुद्रात राहतात, आणि प्रवाह नेईल तिकडे जातात.

विषाची गोष्ट मात्र फार उशिरा कळली. शेवाळ आणि समुद्री गवत खाणारा हा मासा डंख मारणारे अग्निप्रवाळ आणि प्रवाळांचे नातेवाईक असलेले झोअँथिड जीवही खातो. जपानच्या दक्षिणेकडील र्‍यूक्यू बेटांवर त्याच्या आतड्यांमुळे डुकरे दगावल्याचे लोक सांगत. १९६९ मध्ये जपानी संशोधक हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या विषाला ‘अल्युटेरिन’ नाव दिले आणि त्याचा उगम बहुधा पॅलिथोआ या झोअँथिडमध्ये असावा, असे मांडले. इकडे हवाईतल्या माउई बेटावरच्या हाना भागात एका डबक्यातल्या ‘प्राणघातक शेवाळा’ची जुनी कथा होती. तिथले योद्धे ते भाल्यांच्या टोकांना लावत, असे सांगतात. ते शेवाळ म्हणजे पॅलिथोआच निघाला. मूर आणि शॉयर या संशोधकांनी १९७१ मध्ये त्यातले विष वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. ते पॅलिटॉक्सिन. त्याची रचना उलगडायला १९८१ उजाडले, इतका तो रेणू अवाढव्य. अल्युटेरिन म्हणजे हेच विष, असे आता मानले जाते.

हे विष शिजवल्याने जात नाही. मासा ते बहुधा आतड्यांत साठवतो, आणि तेही पॅलिथोआ खाल्लेला असेल तेव्हाच. धोका जपानमध्ये विशेष आहे, कारण तिथे फाइलफिशचे यकृत आवडीने खाल्ले जाते. तिथला नेहमीचा बाजारातला ‘उमाझुराहागी’ आणि आपला हा मासा, जपानी नावाने ‘सोशिहागी’, एकाच कुळातले, दोन्ही लांबट अंगाचे. उबदार प्रवाहाबरोबर सोशिहागी मुख्य बेटांच्या किनाऱ्यांवरही येतो आणि गळाला लागतो. म्हणून तिथल्या प्रशासनांच्या सूचनापत्रकांत दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापतात. अंगावर निळ्या रेघा आणि ठिपके, शेपूट लांब व मोठी असेल, तर तो सोशिहागी. त्याचे आतडे किंवा यकृत खायचे नाही.