तेल कोमट, हात सावकाश

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बेळगाव, खानापूर, निपाणीत घरोघरी अंगाला तेल लागतं, आणि मग बाटली फळीवर जाते. खरी गरज त्यानंतर सुरू होते. थंडीची कोरडी हवा सुटली की पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात. त्वचेचा सगळ्यात वरचा, कागदाहून पातळ थर पाणी धरून ठेवतो. तेल त्याच्या फटींत बसून ते पाणी उडू देत नाही. तेल हाडापर्यंत मुरतं किंवा अंगातलं विष ओढून काढतं, याला मात्र आधार नाही.

घाण्यावरचं तिळाचं तेल उत्तम, करडईचंही चालतं. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, त्यामुळे इथल्या थंडीत पहाटे ते बाटलीतून निघतच नाही. मोहरीचं तेल तान्ह्या बाळाला लावू नये, त्याने कातडी चुरचुरते. तेल नवं असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडं लावून बघा. लाली किंवा खाज आली तर ते सोडून द्या.

मोठ्या माणसाला ३० ते ४० मिली पुरतं. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवा, थेट गॅसवर नको. तेल तापायला पाण्याच्या साधारण निम्मी उष्णता लागते, आणि भाजण्याइतकं तापलं तरी त्यातून ना वाफ येते ना बुडबुडे. थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागला की झालं. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पायावर अंदाज घेऊ नका, भाजलेलं कळत नाही.

२० अंशांचं तेल ४० अंशांवर नेलं की दाटपणा जवळपास निम्मा होतो, म्हणून थोडक्यात भागतं. टाळू, मान, खांदे असं खाली उतरा. दंड-मांड्यांवर लांब हात, गुडघे-कोपरांवर गोल. पोटावर उजव्या कुशीतून वर, बरगड्यांखालून आडवं, डाव्या कुशीतून खाली. मोठं आतडं याच वाटेने जातं. तळपाय शेवटी, तेही बसूनच.

घाई इथेच नडते. लव असलेल्या कातडीत हळुवार स्पर्श टिपणारे खास मज्जातंतू असतात, आणि सेकंदाला साधारण ३ सेंमी वेगाने फिरणाऱ्या हाताला ते सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत जायला आठ-नऊ सेकंद. खसाखसा चोळलं तर ते जवळजवळ गप्पच राहतात.

१५-२० मिनिटांनी कोमट पाण्याने आंघोळ करा. अंगभर साबण फासला तर लावलेलं तेल मोरीत जातं. साबण काखा-जांघांपुरता, बाकी अंगाला चमचाभर बेसन. न्हाणीतल्या फरशीवर आधी गोणपाट अंथरा, उतारवयात तेलकट तळपाय घसरून खुबा मोडतो.

ताप, अजीर्ण, उघडी जखम असेल तर तेल नको. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर चोळूच नका, शिरेत गुठळी असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. पाठीवर बारीक पुळ्या आल्या तर तेवढा भाग वगळा. तेलकट पंचे त्याच दिवशी सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुवा. बोळा करून कोपऱ्यात टाकले तर तेल खवट होतं आणि तो वास पुढे जात नाही.