ज्वालामुखीनंतरचे भूदृश्य

लाव्हा वा राखेखाली गेलेल्या जमिनीवर माती आणि सजीवसृष्टी पुन्हा उभी राहण्याची प्रक्रिया. तिचा वेग मुख्यतः खाली काय जिवंत उरले यावर ठरतो. राखेचा थर काही सेंटिमीटरचाच असेल तर जुन्या मुळांचे कोंब तो भेदून वर येतात. लाव्हाने सगळे गाडले तर शेवाळ आणि दगडफुलापासून सुरुवात होते. अमेरिकेतील सेंट हेलेन्सच्या उद्रेकात (१९८०) बिळांत वाचलेल्या गोफर प्राण्यांनी जुनी माती राखेवर उकरून काढली आणि बियांना रुजायला जागा मिळाली.

ताज्या लाव्हात स्फुरद (फॉस्फरस) असते, नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नसते. म्हणूनच सेंट हेलेन्सवर हवेतील नत्र बांधणारे लुपिन लवकर टिकले. आइसलँडजवळच्या सर्त्सी बेटावर (उद्रेक १९६३–६७) समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने हिरवळ वाढवली. लाखो वर्षांत मात्र गणित उलटते. पाऊस सिलिका, चुना, पोटॅश धुऊन नेतो. उरलेली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. हवाईत कोवळ्या लाव्हावरील वने नत्राला, तर सुमारे ४१ लाख वर्षे जुन्या जमिनीवरील वने स्फुरदाला भुकेली आढळतात. ज्वालामुखीची जमीन कायम सुपीक असते, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

गोव्यात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट ईशान्येला, सत्तरीच्या घाटमाथ्याकडे सापडतो. राज्यातील बहुतेक जांभा, म्हणजे अशी ऑक्साइडे उरलेला तांबडा दगड, त्याहून कितीतरी जुन्या धारवाडी खडकांपासून झाला. पण झीज त्याच वाटेने झाली. सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जांभ्याचे टणक कवच उघडे पडते आणि बोटभर मातीत पावसाळ्यापुरती गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू उगवतात. शेवटच्या दोन वनस्पती कीटक पकडून नत्राची उणीव भरून काढतात.

जांभ्यावर काजू लावताना ६० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून त्यात वरची माती, कुजलेले शेणखत आणि रॉक फॉस्फेट हे स्फुरदाचे खत मिसळतात. आम्ल मातीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळते. तळाचे कवच फोडले नाही तर पाणी साचून मुळे कुजतात. नैसर्गिक सड्यावर मात्र झाडे लावू नयेत. सावलीत तिथल्या ऊन मागणाऱ्या वनस्पती मरतात, आणि चिरेखाणीने कवचच उचलले तर त्यांची जागाच नाहीशी होते.